पापणी उचलून पाहा

दवाखान्याला कुलूप लावून आलेल्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

डॉ. वानलेस यांनी १८९४ साली इथे मिरजेत रुग्णालय उभारलं, तेव्हापासून कर्नाटकातले पेशंटही उपचारासाठी मिरजेची वाट धरतात. इथले तंबोरे कसे घडतात ते पाहायचं असेल, तर संध्याकाळ मोकळी ठेवली आहे.

या परिषदेसाठी मिडब्रेनचा स्ट्रोक हा विषय ठरला तेव्हा आमच्या समितीतच कुरकुर झाली. असे पेशंट येतात किती? थोडेच येतात. पण न्यूरॉलॉजिस्टकडे जाण्याआधी ते आपल्याकडे येतात, नाहीतर चष्म्याच्या दुकानात जातात.

मेंदूचा हा भाग जेमतेम दोन सेंटिमीटरचा. तिसरी नर्व्ह इथूनच निघते आणि हातापायांच्या हालचालीचे तंतूही तिला खेटूनच खाली उतरतात. म्हणून इथे उजवीकडे स्ट्रोक झाला की उजवी पापणी पडते आणि लुळा पडतो डावा हात-पाय. लंडनमध्ये डॉक्टरकी करणाऱ्या वेबरनी हे १८६३ सालीच लिहून ठेवलं. विरुद्ध बाजूचा हात थरथरला तर बेनेडिक्ट, तोल आणि नेम चुकला तर क्लॉड. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण सगळ्यांनीच ही नावं घोकली आहेत. पेशंट मात्र पुस्तक वाचून येत नाही. अर्धा बेनेडिक्ट, अर्धा क्लॉड असाही येतो. माझं स्पष्ट मत आहे, नावं विसरलात तरी चालेल, बाजू विसरू नका.

‘झोप झाली नाही, डोळा उघडत नाही,’ असं पेशंट सांगतो. एकाचे दोन दिसतात अशी तक्रार तो करत नाही, कारण पडलेल्या पापणीने तो डोळा झाकलेलाच असतो. अंगठ्याने पापणी वर करा. बुबुळ खाली आणि बाहेर वळलेलं दिसतं आणि पेशंट दचकून दोन डॉक्टर मोजतो. मग टॉर्चने बाहुली पाहा, दोन्ही हात पुढे धरायला सांगा. हातपाय ठणठणीत आणि बाहुली मोठी झालेली असेल, तर धमनीचा फुगा नाही ना, हे तातडीच्या अँजिओग्राफीने पाहावंच लागतं.

गुंगीतल्या पेशंटचंही तेच. साखर उतरली की गोळ्या खाल्ल्या, यावर नातेवाइकांची चर्चा चालू असते, आणि डोळे वर वळत नाहीत हे कुणी पाहिलेलंच नसतं. पर्शेरॉनची एकच धमनी तुंबली, तर दोन्ही थॅलॅमस आणि मिडब्रेनचा वरचा भाग एकदम गळपटतो.

सीटी स्कॅनमध्ये ही जागा नीट दिसत नाही. पहिल्या काही तासांत एमआरआयही कधीकधी कोरा येतो. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची. ‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणून घरी धाडलेल्या पेशंटला ती पुन्हा मिळत नाही.

आपल्या पिशवीत टॉर्च ठेवला आहे. दुपारच्या सत्रात लागेल. सेल आहेत का ते आत्ताच बघून घ्या. अध्यक्षमहाराज, परिषद आता आपल्या हवाली करतो.