हात काळे झाले तरी



मी सातवी शिकलेली. चुकले तर सांभाळून घ्या. आमची धाकटी आयटीआयतून फिटर झाली. कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून जाते म्हणाली, तेव्हा मीच आडवी आले. हात काळे होतील, मग स्थळ कोण आणील? ती दोन दिवस जेवली नाही. शेवटी मी हो म्हटले.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे काम शिकताना विद्यावेतन मिळते. पुढे परीक्षा होऊन प्रमाणपत्र मिळते. त्याच कारखान्यात नोकरी मिळेलच असे नाही, हे आधी समजून घ्यावे. पण अंगी आलेले कसब कोणी काढून घेत नाही.

काळे हात साबणाने निघतात. मुलींना अडवू नका, एवढेच सांगते.