अधू पायांसाठीं वाहन

लालबागमधील एका चाळींत, दुसऱ्या मजल्यावर, माझे एक स्नेही राहतात. लहानपणीं पोलिओनें त्यांचा उजवा पाय गेला. मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर आणि डाव्या हातांत कुबडी, अशा स्थितींत त्यांनीं शिक्षण पुरें केलें, नोकरी मिळविली आणि संसारहि उभा केला. वरळीच्या कचेरींत ते रोज टॅक्सीनें जात. अंतर तें काय! परंतु जवळचें भाडें म्हणून टॅक्सीवाला मान हलवी, आणि मग चाळींतल्या एखाद्या मुलाला हांक मारून दुसऱ्या टॅक्सीसाठीं नाक्यावर पिटाळावें लागे. पन्नाशी जवळ आली तेव्हां त्यांनीं स्वतःचें वाहन घेण्याचें ठरविलें. "मला वेग नको," ते मला म्हणाले, "सकाळीं कोणाला हांक मारावी लागूं नये, एवढेंच हवें."

वाहन आलें. बिनगिअरची स्कूटर, आणि तिच्या मागच्या चाकाच्या दोहों अंगांस बसविलेलीं दोन जोडचाकें. हार घातला, नारळ फुटला, पेढे वांटले गेले. नंतर असें आढळून आलें कीं, चाळीच्या फाटकाहून वाहन दोन बोटें अधिक रुंद आहे. तें हमरस्त्याच्या कडेला, चाळीपासून दोनशें पावलांवर उभें राहूं लागलें. पुढें गणेशोत्सव जवळ आला, मंडपाचे खांब रोवले गेले, आणि तीहि जागा गेली. दोनशें पावलें म्हणजे तुम्हांआम्हांला कांहींच नव्हेत; परंतु पावसांत, बुळबुळीत पेव्हर ब्लॉकवर, कुबडीच्या आधारानें चालणाऱ्याला तो एक प्रवासच असतो. जें वाहन हांक वांचविण्यासाठीं आणलें, तें फाटकापर्यंत आणवून घेण्यासाठीं रोज हांक मारावी लागूं लागली.

श्रोतेहो, आजच्या भाषणाचा विषय मला या फाटकापाशीं सांपडला. आपण वाहन निवडतों तेव्हां आरंभ इंजिनापासून करतों: शक्ति किती, एका लिटरला किती किलोमीटर जातें, रंग कोणता. धडधाकट माणसाला तें शोभतें, कारण उरलेलें सगळें त्याचे पाय निभावून नेतात. पायानें अधू असलेल्या माणसानें मात्र नेमका उलटा क्रम धरला पाहिजे. रात्रीं वाहन कोठें उभें राहील, तेथपर्यंत पावलें किती, आसनावर बसावयाचें कोणत्या बाजूनें, कोणता हात काय करील, हें सारें आधीं. इंजिन सर्वांत शेवटीं.

परदेशांत डोंगर, वाळू आणि चिखल तुडविणारीं, फुगीर टायरांचीं चारचाकी वाहनें मिळतात. त्यांना अंगठ्यानें वेग देतां येतो, म्हणून पायानें अधू माणसेंहि तीं हौसेनें चालवितात. आपल्याकडे रस्त्यावर फिरविण्यासाठीं त्यांची नोंदणी होत नाहीं. पण लालबागच्या माणसाला डोंगर शोधीत जाण्याचें कारणच काय? उखडलेले पेव्हर ब्लॉक, रस्त्याच्या पातळीखालीं गेलेलीं गटाराचीं झांकणें, मंडपाच्या खांबांचे अर्धवट बुजविलेले खड्डे, करी रोडच्या पुलाचा चढ आणि मुसळधार पावसांत हिंदमातापाशीं सांचणारें पाणी, एवढी भूमि जो रोज ओलांडतो त्याला आणखी दऱ्याखोरीं नकोत.

प्रथम शरीराचा विचार करूं. १९७२ सालीं आलेली बजाजची 'चेतक' स्कूटर पुढें अनेक वर्षें मध्यमवर्गाचें स्वप्न होती. तिचे गिअर डाव्या मुठींत होते खरे, पण सुरू करावयाची ती लाथेनें, आणि मागचा ब्रेक उजव्या पायाखालीं. ज्याचा उजवा पाय लुळा, त्याला ती सुरूहि करतां येत नसे आणि थांबवितांहि येत नसे. १९८४ सालीं पुण्याच्या कायनेटिक कंपनीनें होंडाच्या सहकार्यानें बिनगिअरची, बटन दाबतांच सुरू होणारी स्कूटर आणली. ती अपंगांसाठीं म्हणून कोणीं बनविली नव्हती. तरीहि अधू पायांच्या माणसांवर तिचे मोठे उपकार झाले. आजच्या बिनगिअरच्या स्कूटरींचे दोन्ही ब्रेक हातांत असतात, आणि १२५ सी. सी.पर्यंतच्या दुचाकींना एक ब्रेक दाबतांच दोन्ही चाकें अडविणारी योजना एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली आहे. तेव्हां पायाच्या जागीं हात आणण्याची मोठी अडचण आज उरलेली नाहीं. उरतात त्या लहान गोष्टी. पण वाहन नुसतें उभें राहतें कीं रोज वापरलें जातें, याचा निकाल त्याच लावतात.

कॅलिपरचें कुलूप गुडघ्यापाशीं लावलेलें असलें तर पाय वांकत नाहीं. तो सरळ ठेवण्यास पायफळीवर जागा आहे का? खड्ड्यांत आदळल्यावर तो बाहेर घसरूं नये म्हणून कडेला आडवी पट्टी आहे का? आसन कमरेच्या मानानें फार उंच तर नाहीं? जोडचाक बसविल्यावर चढण्याची वाटच अडते, हें पुष्कळांना वाहन घरीं आल्यावर कळतें. आणि कुबडी ठेवावयाची कोठें? तिच्यासाठीं हाताशीं पक्की खोबण नसेल, तर मुक्कामाला पोंचलेला माणूस वाहनावरच अडकून पडेल. पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. स्कूटरचें धुराचें नळकांडें बहुधा उजव्या बाजूस असतें आणि तें चांगलेंच तापतें. ज्या पायाला संवेदना नाहीं त्याला तें भाजलेलें कळत नाहीं, तें संध्याकाळीं घरांतलें माणूस पाहतें. नळकांड्यावर आच्छादन आणि आसनावर योग्य गादी ही चैन नव्हे. या सगळ्या गोष्टींचा सल्ला दुकानदारापेक्षां वैद्यकाकडे मागावा. हाजी अलीजवळ केंद्र सरकारची पुनर्वसनाची संस्था १९५५ पासून आहे, आणि लालबागहून ती दूर नाहीं.

आतां चाकांकडे वळूं. माझ्या स्नेह्यांची पुढची कथा चाकांचीच आहे. फाटकाचा घोळ पाहून एका कारागिरानें सुचविलें, "साहेब, चाकें आंत घेतों, काम भागेल." चाकें आंत घेतलीं आणि काम भागलें, वाहन फाटकांतून सुखानें आंत आलें. चौथ्या दिवशीं पुलाच्या उतारावरून डावीकडे वळतांना तें उजव्या अंगावर कलंडलें आणि कॅलिपरचा पाय त्याखालीं आला. सुदैवानें कोपर सुजण्यावर निभावलें. परंतु त्यानंतर महिनाभर त्यांनीं वाहनाला हात लावला नाहीं, आणि चाळींत पुन्हां हांका ऐकूं येऊं लागल्या.

हें कां झालें, तें घरांतल्या तिपाईवरून समजेल. तिपाई कितीहि उंचसखल जमिनीवर ठेवा, ती डुगडुगत नाहीं. पण तिच्या कडेवर भार दिला कीं ती उलटते. चार पायांचा चौरंग सहसा उलटत नाहीं, पण जमीन वांकडी असली तर एक पाय अधांतरीं ठेवून डुगडुगतो. साधी दुचाकी वळणावर आंतल्या बाजूस कलते आणि तोल संभाळते. जोडचाकें लावलीं कीं तिचें कलणें बंद होतें. अंग बाहेरच्या बाजूस फेकलें जातें, आणि त्याला अडविणारी वस्तु म्हणजे जोडचाकांमधील रुंदी. ती कमी केली कीं उलटणें सोपें झालें. अमेरिकेंत तीन चाकांचीं ओबडधोबड भूमीवरचीं वाहनें याच खोडीपायीं इतक्या अपघातांस कारण झालीं कीं, १९८८ सालीं कारखानदारांना त्यांची विक्री थांबवावी लागली. इंग्लंडमध्यें दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीव्ह्ज नांवाच्या गृहस्थांनीं आपल्या पक्षाघात झालेल्या चुलतभावासाठीं तीनचाकी गाडी रचली. तसलीं निळीं वाहनें पुढें तेथील सरकारनें हजारों अपंगांना दिलीं. पण सुरक्षिततेच्या नियमांत बसत नाहींत म्हणून २००३ सालीं तीं रस्त्यावरून उठलीं. त्यांत बसून पहिल्यानें एकट्यानें घराबाहेर पडलेल्यांना त्यांचा लळा लागला होता, हेंहि सांगितलें पाहिजे.

चौरंगाची खोडहि आपल्या स्कूटरला लागते. जोडचाकें ताठ लोखंडी दांड्यावर बसविलीं असतील, तर खड्ड्यावर तीं दोन्ही काठांवर टेकतात आणि मधलें मागचें चाक, ज्याला इंजिनाची शक्ति मिळते तेंच, हवेंत गरगरतें. धडधाकट माणूस पाय टेकून ढकलील. येथें पाय कोठून आणावयाचे? ब्रेकचीहि तीच गत: जोडचाकांना बहुधा ब्रेक नसतो, आणि मागच्या चाकावरचा जेवढा भार तीं उचलतात तेवढी त्या चाकाची पकड कमी होते. म्हणून जोडचाकांना स्वतःचें स्प्रिंग हवें. भार मुख्यतः मधल्या चाकावर राहिला पाहिजे, आणि बाजूच्या चाकांनीं फक्त तोल सांवरावा. हें पारखण्यासाठीं दुकानासमोरचा गुळगुळीत रस्ता उपयोगाचा नाहीं. आपला नेहमींचा खड्डा गांठावा, तेथें वाहन उभें करून पुन्हां चालवून पाहावें, आणि मगच उरलेले पैसे द्यावे.

विजेच्या वाहनांनीं एक मोठी सोय केली आहे. २०२० सालीं बाजारांत आलेली विजेवरची 'चेतक' मागेंहि चालते. पायानें ढकलतां न येणाऱ्याला ही केवढी सुटका आहे, हें अरुंद गल्लींत अडकल्याशिवाय कळावयाचें नाहीं. पण चाळींत तळमजल्यावर विजेची जोडणी कोण देणार, हा प्रश्न आधीं सोडवावा. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतून निघालेली एक निराळी योजनाहि पाहण्याजोगी आहे: चाकांच्या खुर्चीला पुढें मोटारीचें एक चाक अडकवावयाचें आणि ताशीं २५ किलोमीटरपर्यंत वेगानें जावयाचें, मुक्कामीं तें चाक सोडलें कीं खुर्ची घरांत. एका आसनावरून दुसऱ्यावर अंग ओढण्याची यातायात तींत वांचते. न्यूरेंबर्गच्या एका पायानें अधू घड्याळजीनें १६५५ च्या सुमारास हातानें फिरविण्याची तीनचाकी गाडी स्वतःसाठीं केली होती. आपल्याला काय हवें, तें त्याला दुसऱ्या कोणीं सांगावें लागलें नाहीं.

कायद्याचें थोडक्यांत सांगतों. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायद्यांत 'अनुकूलित वाहन' ही संज्ञा आली, आणि मूळच्या वाहनांत फेरफार करून घेतलेलें वाहनहि तींत धरलें गेलें. फेरफाराची नोंद परिवहन कचेरींत, म्हणजे लालबागकरांनीं ताडदेवला, करून घ्यावी. परवाना त्याच प्रकारचा काढावा. आणि विमा कंपनीला फेरफार लेखी कळवावा. अपघातानंतर कळवून उपयोग नाहीं.

राहिलें तें फाटक. चाकें पुन्हां पूर्वीच्या रुंदीवर नेलीं, स्प्रिंगवर बसविलीं, आणि तेव्हां स्पष्ट झालें कीं, आतां बदलावयाचें तें फाटकच. चाळीच्या सभेंत बरीच वादावादी झाली. एकजण म्हणाला, उद्यां सगळेच आपल्या गाड्या आंत आणतील. दुसरा म्हणाला, खांब जुना आहे, हलविला तर भिंत येईल. माझे स्नेही सभेंत कांहीं बोलले नाहींत. त्यांची भीड मीं जाणतों. पन्नास वर्षें ज्यांना हांका मारल्या, त्यांच्यापाशीं आणखी एक मागणें मागावयाचें होतें. शेवटीं तळमजल्यावरच्या एका आजीबाई उठल्या आणि म्हणाल्या, "जिन्याखालचें पिंप माझें आहे, तें मी हलवितें. खांबाचें तुम्ही बघा."

खांब वीतभर सरकला. त्याला दोन दिवस आणि एक गवंडी लागला. पिंपाच्या जागीं आतां स्कूटर उभी असते. जिन्याच्या शेवटच्या पायरीपासून आसनापर्यंत चार पावलें आहेत. दोन मजल्यांचा जिना मात्र आहे तसाच आहे. तो ते कठड्याला धरून सकाळीं एकदां उतरतात आणि संध्याकाळीं एकदां चढतात. परवां सकाळीं मी त्यांना भेटावयास गेलों, तर घरीं नव्हते. केव्हां गेले म्हणून शेजाऱ्यांना विचारलें. कोणालाच सांगतां आलें नाहीं.