भाषेचा गृहपाठ आणि घरची बोली

(नागपूर येथे शिक्षक, शासकीय अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यार्थ्यांना गृहपाठात साहाय्य कसे द्यावे, हा आजच्या बैठकीचा विषय आहे. गणित आणि विज्ञान यांविषयी अधिकारी व्यक्ती बोलतीलच. मी माहिती खात्यात काम करणारा, कला शाखेचा पदवीधर. तेव्हा मराठीच्या गृहपाठापुरतेच बोलण्याची अनुज्ञा घेतो.

गणिताचे उदाहरण चुकले की ते वहीत उघड दिसते. भाषेचे तसे नाही. मराठीच्या वहीतील सर्व उत्तरे बरोबर आहेत, अक्षर वळणदार आहे, शिक्षकांची स्वाक्षरी आहे, आणि तरीही विद्यार्थ्याला कविता मुळीच कळलेली नाही, असे घडू शकते. पूर्वी तयार उत्तरे मार्गदर्शिकेत मिळत. आज ती मोबाइलवर क्षणार्धात मिळतात. २०१८-१९ पासून दहावीच्या भाषाविषयांत प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली, ती याच पाठांतराला पायबंद बसावा म्हणून. तीत 'स्वमत' आणि 'रसग्रहण' यांना स्थान देण्यात आले. हेतू उत्तम होता. परंतु दुसऱ्याचे मत पाठ करून ते 'स्वमत' या मथळ्याखाली उतरवण्याची युक्ती आपल्या मुलांना आपणच शिकवली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

एक उदाहरण घेतो. बहिणाबाई चौधरी यांची मनावरची कविता आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. बहिणाबाई १८८० ते १९५१ या काळात खानदेशात होऊन गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचा काव्यसंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. या कवितेत त्यांनी मनाला 'वढाय' म्हटले आहे. समजा, गृहपाठात या शब्दाचा अर्थ विचारला. तयार उत्तर सांगते : 'चंचल'. मुलगा 'चंचल' असे लिहितो आणि वही मिटतो. उत्तराला गुण मिळतात, पण कवितेतले जनावर वहीबाहेरच राहते.

आता हाच शब्द वऱ्हाडातल्या मुलापुढे ठेवून पाहा. काटोल-नरखेड ओलांडून आपण पश्चिमेकडे गेलो की बोलण्यातला 'ळ' पुष्कळदा 'य' होतो. 'डोळा' 'डोया' होतो, 'काळा' 'काया' होतो, 'शाळा' 'शाया' होते. ते मूल वहीत 'डोया' लिहिते, तेव्हा आपण त्याखाली तांबडी रेघ ओढतो. ती ओढलीच पाहिजे, कारण प्रमाण लेखनाचे नियम ठरलेले आहेत. ज्या मराठी साहित्य महामंडळाने १९६२ मध्ये चौदा नियम केले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चार घातले, त्या महामंडळाची आपला विदर्भ साहित्य संघ ही एक घटक संस्था आहे. म्हणजे हे नियम आपल्यावर कोणी बाहेरून लादलेले नाहीत. परंतु 'डोया' लिहिणारे मूल निष्काळजी नाही. ते एक नियमच पाळते आहे, मात्र तो घरचा आहे. त्याच नियमाने 'वढाय' उलट वाचले की 'य' चा 'ळ' होतो, ग्रामीण उच्चारातल्या आरंभीच्या 'व' चा 'ओ' होतो, आणि हाती येतो 'ओढाळ'. दावे तोडून दुसऱ्याच्या उभ्या पिकात शिरणारे, कितीही हाकलले तरी पुन्हा तिकडेच ओढ घेणारे गुरू म्हणजे ओढाळ गुरू. ते ज्याने पाहिले आहे त्याला मनाची उपमा समजावून सांगावी लागत नाही. ती तोच आपल्याला समजावून देईल. मोठ्या कोशात 'ओढाळ' सापडतो. 'वढाय' मात्र प्रत्येक कोशात मिळेलच असे नाही. बोलीचा नियम ठाऊक असलेले मूल कोशाचे नेमके पान उघडते. ज्या गोष्टीसाठी आपण त्याचे गुण कापले, तीच येथे त्याची किल्ली ठरते.

पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या भागात झाडीबोलीत 'पाणी' चे 'पानी' होते. तेथील मुलांच्या वहीत 'ण' चा घोटाळा नेहमी दिसतो. नागपूर शहराचा प्रश्न आणखी निराळा आहे. १९५६ पर्यंत हे शहर मराठी व हिंदी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होते, आणि आजही अनेक घरांत दोन्ही भाषा नांदतात. अशा घरातले मूल 'ती पुस्तक' लिहिते, कारण हिंदीत पुस्तक स्त्रीलिंगी आहे. 'मला शाळेत चांगली शिक्षा मिळाली' असेही ते मोठ्या कौतुकाने लिहून जाते! हसू येते खरे. पण चूक कोठून आली हे एका वाक्यात सांगितले, तर ती चूक सुटते. नुसत्या रेघेने ती सुटत नाही.

काही शिक्षकांचा आक्षेप मी ऐकला आहे की, बोलीला वर्गात वाव दिला तर परीक्षेत गुण जातील. मला तो पटत नाही. अर्थापर्यंत पोहोचण्याचा रस्ता बोलीतून जाऊ द्यावा आणि अखेरचे लेखन प्रमाण मराठीत करून घ्यावे. दोन्ही कामे एकाच वहीत होऊ शकतात.

आता ज्यांच्या घरी आई-वडील शाळेतच गेलेले नाहीत, त्यांच्या मुलांचे काय? शहरात पालक शिकवणी लावतात. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याने शिक्षकांना खाजगी शिकवणी करण्यास मनाई केली आहे, आणि ते योग्यच आहे. पण शिकवणी विकत घेता येत नाही अशा घरात संध्याकाळी मुलाजवळ कोण बसणार, हे त्या कलमाने सुटत नाही. अशा मुलाने धडा मोठ्याने वाचावा आणि आईने चूल सांभाळत तो ऐकावा, एवढी सूचना शाळेने जरूर द्यावी. आईला अक्षर येत नसेल. पण मोट, नाडा, सुगी, खळे हे शब्द तिला कोशाहून अधिक नीट समजतात. 'येथे काय म्हटले आहे?' एवढा एकच प्रश्न तिने विचारला, तरी मुलाला आपल्या शब्दांत सांगावे लागते, आणि स्वमताचा आरंभ तेथे होतो.

पंचायत सदस्यांकडे माझे मागणे लहान आहे. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्या राज्यात १९६७ मध्ये झाला. जेथे ग्रंथालय आहे तेथे, आणि नसेल तेथे पंचायतीच्या खोलीत, संध्याकाळी दोन तास दिवा आणि सतरंजी असावी. एक चांगला मराठी शब्दकोश असावा. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मोल्सवर्थचा कोश आता संगणकावर विनामूल्य पाहता येतात. मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे. पंचायतीच्या संगणकावर ही तिन्ही पाने उघडून ठेवण्यास वेगळ्या मंजुरीची गरज पडू नये.

तेथे बसवावयाची व्यक्ती मात्र विचारपूर्वक निवडावी. गावात बारावी झालेली मुलगी असेल, निवृत्त गुरुजी असतील. त्यांना मानधन द्यावे किंवा न द्यावे, हे ग्रामसभा ठरवील. अट एकच घालावी. मुलाने 'उत्तर सांगा' म्हटले, तर त्यांनी पुस्तक उघडून 'कोणत्या ओळीवरून विचारले आहे?' असे विचारावे, आणि ती ओळ मुलाने वाचेपर्यंत थांबावे. या थांबण्याला कधी दहा मिनिटे लागतात. बाहेर पालक घाई करतात, आतले मूल कंटाळते. त्या दहा मिनिटांत वही कोरी दिसली, तरी कृपा करून कोणी ती आपल्या हाताने भरून देऊ नये.