आज मुक्काम
(मुलुंड येथे भरलेल्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या चिटणीसांनी मला दोन शब्द बोलावयास सांगितले आणि विषयाची निवड माझ्यावरच सोपविली. मी पडलो मॅट्रिक झालेला शिक्षक. अडतीस वर्षे मुलांना पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात गेली. वेदान्तावर किंवा अर्थकारणावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. सबब रोजच्या जगण्यातला एक विषय घेऊन मी आपल्यापुढे उभा आहे. कामावर गेलेले माणूस, मागे काही संकट कोसळले असता, घरी सुखरूप कसे परतावे, हा तो विषय होय.

आपल्या ज्ञातीतील बहुतेक घरांतून सकाळी एक तरी माणूस कामासाठी बाहेर पडते. पूर्वी हे पुरुष मंडळींपुरतेच होते. आता सुना आणि लेकीही डबा घेऊन निघतात. मुलुंडहून बोरीबंदर काय किंवा बोरिवलीहून चर्चगेट काय, अंतर तीस किलोमीटरांहून अधिक. इतक्या लांब माणूस रोज जातो आणि रोज येतो, याचे आपल्याला काही वाटेनासे झाले आहे. गाडी बंद पडली म्हणजे मात्र हे अंतर एकाएकी डोळ्यांपुढे उभे राहते.

ता. २६ जुलै २००५ हा दिवस येथे बसलेल्या पन्नाशीपुढील कोणाला विसरता येईल असे मला वाटत नाही. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्यास अवघा सुमारे ७३ मिलिमीटर पडला. शहर एकच, महापालिका एकच, आणि पावसात बाराहून अधिक पटींचे अंतर! या दोन आकड्यांकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधीत आहे. त्या दिवशी कोटातील कचेरीत बसलेल्या माणसाने खिडकीतून पाहिले तेव्हा त्याला नेहमीचा आषाढातला पाऊस दिसला. ‘जरा लवकर निघू’ एवढेच त्याच्या मनात आले. ज्या उपनगराकडे तो निघाला होता तेथे रस्त्यांच्या नद्या झाल्या होत्या, हे त्याला ठाऊक नव्हते. पवई आणि विहार तलावांच्या सांडव्यांतून येणारी मिठी नदी साकीनाका, कुर्ला, कलिना अशी वळणे घेत माहीमच्या खाडीस मिळते. त्या दुपारी भरतीने खाडीचे तोंड दाबून धरले, आणि नदी उलटी वस्तीत शिरली. गाड्या शीव-कुर्ल्याच्या सखल भागात थांबल्या. विमानतळ बंद पडला, उपनगरांतील वीज गेली, मोबाइल मुके झाले. मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. पुढे श्री. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने सत्यशोधन समिती नेमली; तिने नाले, नदी आणि भरावांचा सविस्तर विचार केला. तो विषय जाणत्यांचा आहे, मी त्यात शिरत नाही.

मला बोलावयाचे आहे ते घरातल्या माणसांशी. दुपारी तीन-साडेतीनला, टेलिफोन चालू होते तोवर, घरोघरीहून कचेऱ्यांत एकच निरोप गेला. ‘असाल तसे निघा, लवकर घरी या.’ तो मायेपोटी गेला, यात शंका नाही. परंतु त्या निरोपाने कित्येक माणसे तिसऱ्या मजल्यावरील कोरड्या कचेरीतून उठून कमरेइतक्या पाण्यात उतरली. जी कचेरीतच राहिली त्यांना रात्री टेबलावर डोके टेकून झोपावे लागले, चहाबिस्किटांवर भागवावे लागले, आणि सकाळी पाणी ओसरल्यावर ती चालत घरी आली. मोटारीतून निघालेल्यांपैकी काहींची गोष्ट ऐकवत नाही. पाणी चढले, विजेवर चालणारी कुलपे आणि काचा बंद पडल्या, आणि माणसे आतच गुदमरली.

संकटात सापडलेल्या माणसाला मार्गदर्शन करणारे पुष्कळ आहेत. पण तो माणूस ज्याच्या शब्दाखातर जिवावर उदार होतो, त्या घरच्या माणसाला कोणी काही शिकवीत नाही. चाकरमान्याला घरी न येण्याची परवानगी घरातूनच मिळावयास हवी. ती आयत्या वेळी मिळत नाही. आयत्या वेळी मनात भीती असते आणि टेलिफोनवर खरखर असते. म्हणून ती ज्येष्ठ महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी, जेवणाच्या पानावर बसल्या बसल्या देऊन ठेवावी. ‘आज मुक्काम’ असे दोनच शब्द ठरवून टाकावे. ते कानी पडले, किंवा रात्री नऊपर्यंत काहीच कानी पडले नाही, तर घरच्यांनी समजावे की माणूस जेथे आहे तेथे थांबला आहे, आणि त्याला शोधावयास कोणालाही धाडू नये.

त्या दिवशी मी कुर्ल्याच्या पश्चिमेस एका शाळेत दुपारच्या अधिवेशनाला होतो. साडेतीनच्या सुमारास तळमजल्याच्या पायऱ्यांना पाणी लागले. आमच्या मुख्याध्यापिकाबाई मोठ्या करड्या शिस्तीच्या. त्यांनी सर्व मुलांना दुसऱ्या मजल्यावर नेले आणि हजेरीपटासमोर स्वतः बसल्या. जवळच्या चाळींतले पालक आले त्यांच्या हाती, पटावर सही घेऊन, मूल दिले. बाकी एकालाही सोडले नाही. साठ-पासष्ट मुले उरली. सायंकाळी घाटकोपरहून एक गृहस्थ पाण्यातून चालत आपल्या दोन मुलांना न्यावयास आले. एकाला खांद्यावर आणि एकाला पाठीशी बांधून नेतो म्हणत होते. बाई म्हणाल्या, ‘मुले मिळणार नाहीत. आपणही आता येथेच बसा.’ ते गृहस्थ फार संतापले, नाही नाही ते बोलले. बाईंनी ऐकून घेतले आणि त्यांना कोरडा पंचा दिला. रात्री दहाला पाणी फाटकाच्या वर गेले, तेव्हा ते खिडकीशी उभे राहून बराच वेळ खाली पाहत होते. शेजारच्या मोहल्ल्यातील मंडळींनी मोठ्या पातेल्यातून डाळभात आणून दिला. तो आणताना त्यांनी आमची जात विचारली नाही. आणि खाताना आम्हीही त्यांची विचारली नाही. ज्ञातीच्या व्यासपीठावरून हे मी मुद्दाम सांगतो.

इकडे मुलुंडला माझ्या घरी काही कळण्याचा मार्ग नव्हता. आमच्या सौभाग्यवतींनी शेजाऱ्यांना एवढेच सांगितले, ‘मुले शाळेत आहेत तोवर ते निघणार नाहीत.’ त्यांना झोप लागली असे मी म्हणणार नाही. पण माझा धाकटा भाऊ कंदील घेऊन निघाला होता, त्याला त्यांनी दारातूनच परत फिरविले.

घर म्हणजे सुरक्षित जागा, असेही सरसकट धरू नये. त्याच दिवशी साकीनाक्यास डोंगराची दरड कोसळून कित्येक संसार गाडले गेले. ते लोक आपल्या घरातच होते. आणि दोनच दिवसांनी जुहूकडील एका वस्तीत ‘धरण फुटले, समुद्र येतो आहे’ अशी आवई उठली, आणि पळापळीत माणसे चेंगरून मेली. पाणी आले नव्हतेच. आली होती ती केवळ बातमी.

बातमीचा विषय निघाला म्हणून वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली एक गोष्ट सांगतो. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारच्या सुमारास व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टायकिन’ या बोटीचा भयंकर स्फोट झाला. तिच्यात दारूगोळा आणि कापूस एकत्र भरला होता. अर्ध्या तासाच्या आत दुसरा स्फोट झाला. पहिल्यानंतर काय झाले ते पाहावयास जे धावले, त्यांच्यावर हा दुसरा कोसळला. आग विझविणाऱ्या बंबवाल्यांचे जाणे हे कर्तव्य होते, आणि त्यांतील कित्येकांनी प्राण वेचले. नुसते पाहणाऱ्यांचे तसे काही कर्तव्य नव्हते. आवाज ऐकला की त्याच्या उलट दिशेस चालू लागावे.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत अकरा मिनिटांच्या आत स्फोट झाले. माटुंग्यापासून मीरा रोडपर्यंत, ऐन घरी परतण्याच्या वेळी. एकशेऐंशीहून अधिक माणसे गेली. लोहमार्गालगतच्या झोपड्यांतील लोक चादरी घेऊन धावले आणि जखमींना त्यांतून उचलून नेले. त्या रात्री नातलग शीव, के. ई. एम., कूपर, भाभा, भगवती असे एका रुग्णालयातून दुसऱ्यात फिरत होते. हल्ली सर्वांचे सर्व काही मोबाइलमध्ये असते आणि मोबाइलला कुलूप असते. बेशुद्ध माणसाचे ते कुलूप कोण उघडणार? म्हणून खिशात अथवा पर्समध्ये जाड कागदाची चिठ्ठी असावी. तीवर नाव, रक्तगट, चालू औषधे आणि घरच्यांचे दोन क्रमांक शाईने लिहावे. एक क्रमांक मुंबईबाहेरच्या नातलगाचा असावा, पुण्याचा म्हणा, नाशिकचा म्हणा. शहरातल्या शहरात टेलिफोन लागत नाही तेव्हा बाहेरगावी कधी कधी लागतो. मग सगळ्यांनी त्या एका माणसाला कळवावे आणि त्याच्याकडून घ्यावे. आणि निदान दोन क्रमांक तोंडपाठ असू द्यावे. पाढे गेले तसे हेही गेले, याची एका शिक्षकास खंत वाटते. २००५ साली नाक्यानाक्यावर रुपया टाकून बोलावयाचे डबे तरी होते. आता तेही नाहीत. तीच गोष्ट पैशांची. वीज आणि जाळे दोन्ही गेली म्हणजे मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत. दहा-वीसच्या आणि शंभराच्या काही नोटा निराळ्या ठेवाव्या.

आता चालत निघावेच लागले तर. २९ ऑगस्ट २०१७ रोजी सांताक्रूझला ३३१ मिलिमीटर पाऊस झाला. त्या संध्याकाळी मुंबईतील एक नामांकित पोटविकारतज्ज्ञ डॉक्टर, घर थोड्याच अंतरावर राहिले म्हणून मोटारीतून उतरून पायी निघाले, आणि प्रभादेवीच्या बाजूस पाण्याखाली उघड्या असलेल्या गटारात पडून वाहून गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये कामावरून परतणारी एक महिला अंधेरी पूर्वेस औद्योगिक वसाहतीजवळ अशीच गेली. घर जवळ आले की मनुष्य बेसावध होतो, हे तर आहेच. पण तुंबलेले पाणी जावे म्हणून झाकणे उघडणारेही आपल्यातलेच असतात. कृपा करून तसे कोणी करू नये, आणि सोसायटीच्या पहारेकऱ्यालाही करू देऊ नये. वाहते पाणी गुडघ्याच्या वर असेल तर पुढे जाऊ नये. जावेच लागले तर हातात काठी घेऊन, ती आधी टेकवून पाऊल टाकावे. दुभाजकाच्या कडेने, एकमेकांचे हात धरून चालावे. विजेचे खांब आणि पेट्या यांपासून दूर राहावे. लोहमार्ग सरळ घरी नेतो खरा, पण पाण्याखाली स्लीपर दिसत नाहीत, मोऱ्यांवरील फटी दिसत नाहीत, आणि गाडी केव्हा सुटेल हे सांगता येत नाही. मोटारीत असलात तर पाणी दाराला लागण्याआधीच काच खाली घ्यावी. घरी आल्यावर पाय साबणाने धुवावे, आणि पायाला जखम असेल तर डॉक्टरांस दाखवावे. त्या पुरानंतर लेप्टोच्या तापाने पुष्कळ माणसे आजारी पडली होती.

(जाता जाता सांगतो, २००५, २००६ आणि २०१७ चे हे तिन्ही दिवस मंगळवारच होते. आमच्या आळीतील एका आजीबाईंनी त्यावरून सुनेला मंगळवारी रजा घ्यावयास लावली. सुनेची काही तक्रार नाही. तिच्या साहेबांची आहे.)

हल्ली वेधशाळेचे रंगीत इशारे आदल्या दिवशी कळतात, कुलाब्याप्रमाणे वेरावलीसही रडार बसले आहे, महापालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे, मोठ्या भरतीच्या तारखा पावसाळ्यापूर्वी प्रसिद्ध होतात. त्या तारखा कालनिर्णयाच्या पानावर लाल शाईने लिहून ठेवाव्या. तरीही शीव-कुर्ल्याच्या रुळांवर पाणी येते, आणि गाड्या बंद होताच सगळ्या कचेऱ्या एकाच वेळी सुटतात. तेव्हा मुक्काम कोठे करावयाचा, हा प्रश्न उरतोच. कचेरीत करता आला तर उत्तम. पण लहान दुकानात, कारखान्यात काम करणाऱ्यांना, आणि विशेषतः आपल्या मुलींना, रात्री थांबण्यासारखी जागा असतेच असे नाही.

यासाठी कार्यकारी मंडळापुढे माझी एक सूचना आहे. आपली सभासद-सूची आडनावांच्या अनुक्रमाने छापली जाते. ती लग्नकार्यास उपयोगी पडते. तिच्याच शेवटी चार पाने स्थानकवार जोडावी. दादर, शीव, कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप. आणि तिकडे वांद्रे, अंधेरी, गोरेगाव, मालाड, बोरिवली. प्रत्येक स्थानकापासून चालत जाता येण्याजोगी, अडल्या रात्री ज्ञातीतील माणसास उतरू देतील अशी दोन-चार घरे. मी ही गोष्ट काढली तेव्हा एका सद्गृहस्थांनी शंका घेतली की ओळख ना देख, तरुण मुलगी कोणाच्या घरी कशी राहील? शंका रास्त आहे. म्हणूनच घरातील एखाद्या वडीलधाऱ्या स्त्रीचे नाव सूचीत प्रथम असावे, आणि श्रावणातील हळदीकुंकवास त्या त्या भागातील मुलींची तिच्याशी ओळख करून द्यावी. दुसरे एक जण म्हणाले, ‘मग दारात दुसऱ्या ज्ञातीचा मनुष्य आला तर?’ सूची आपण आपल्यापुरतीच करू शकतो. दार किती उघडावे हे काही सूचीत छापावयाचे नसते.

माझ्या माहितीप्रमाणे कुर्ला आणि शीव या भागांत आपली घरे थोडी आहेत, आणि नड नेमकी तेथेच लागते. तेथील बंधुभगिनींनी आज जाण्यापूर्वी चिटणीसांना अवश्य भेटावे. फॉर्म दाराशी ठेवले आहेत. मजला कितवा ते स्पष्ट लिहावे. तळमजला असल्यास तसे लिहावे, म्हणजे पुराच्या रात्री तेथे कोणास पाठविले जाणार नाही. स्थानकाची पूर्व बाजू की पश्चिम, आणि मधे भुयारी मार्ग ओलांडावा लागतो की पूल, हेही लिहावे. ज्यांच्याकडे अजून घरचा टेलिफोन आहे त्यांनी तो क्रमांक पहिला द्यावा. फॉर्म वैशाखअखेरपर्यंत आले तर पाने ज्येष्ठात छापून होतील.