आपल्या नागपूरचं एका दिवसाचं प्रदर्शन

मी आमच्या सक्करदऱ्यातल्या घरून बोलतोय. आज बुधवार आहे, त्यामुळे मागून बाजाराचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

बीटेक झाल्यावर पुण्यात नोकरी लागली तेव्हाची गोष्ट. ऑफिसमध्ये मुंबईच्या काळा घोडा महोत्सवाची चर्चा चालली होती. १९९९ साली सुरू झालेला, दरवर्षी नऊ दिवस रस्त्यावर मांडलेल्या मोठमोठ्या कलाकृती, लोकांची गर्दी वगैरे. एकीनं मला विचारलं, "तुमच्या नागपुरात असं काही असतं का रे?" मी म्हटलं, "नाही बुवा."

रात्री झोपताना आठवलं. अरे, असतं की! मी लहानपणी बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलंय. सक्करदऱ्याहून स्कूटरनं निघायचं, रेशीमबाग ओलांडून महालात पोचायचं, आणि कुठल्यातरी ओट्यावर जागा धरायची.

मी मारबतीबद्दल बोलतोय. बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, नागपुरात बांबू, कागद आणि कापडाच्या दोन प्रचंड बायका मिरवणुकीनं निघतात. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून. पिवळी जागनाथ बुधवारीतली, तऱ्हाणे तेली समाजाची. काळी मारबत ही इंग्रजांना सामील झालेल्या बांकाबाईच्या निषेधातून निघाली असं जुने लोक सांगतात. रोगराई, इडापिडा गावाबाहेर घेऊन जा, असं मारबतीला ओरडून सांगायचं आणि शेवटी तिला जाळायचं.

आणि त्यांच्यासोबत असतात बडगे. हे पुरुषी पुतळे दरवर्षी नवे. त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला त्याचा बडग्या. महागाई, खड्डे, भ्रष्टाचार, काहीही. २०२५ मध्ये टॅरिफच्या रागानं थेट ट्रम्पचा बडग्या निघाला होता! सोबत पाटीवर जे लिहिलेलं असतं ते इथे वाचून दाखवलं तर हा एपिसोड घरच्यांसोबत ऐकता येणार नाही.

आता मला सांगा, शेकडो लोकांनी बनवलेल्या कलाकृती रस्त्यावर येतात, तिकीट नाही, निमंत्रण नाही, अख्खं शहर बघायला लोटतं आणि संध्याकाळपर्यंत सगळं संपतं. याला प्रदर्शन नाही तर काय म्हणायचं? मी "नाही बुवा" म्हणालो, कारण ते माझ्या घराजवळचं होतं.

घरून काम करायची परवानगी मिळाली आणि मी परत आलो. २०२३ पासून दर मारबतीला फोटो काढतो. सॉफ्टवेअरवाला माणूस, त्यामुळे एक्सेल आलंच. वर्ष, विषय, मंडळ, पाटीवरचा मजकूर, आणि शेवटचा रकाना, कोणी बनवला. चाळीसेक नोंदी झाल्या. शेवटचा रकाना जवळजवळ रिकामा! पाटीवर मंडळाचं नाव असतं, पुढाऱ्याचं असतं. ज्याच्या हातांनी ते नाक-डोळे काढले त्याचं नसतं.

म्हणून गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी मी चितार ओळीत गेलो. गणपतीचं काम जोरात होतं. एक काका मूर्तीला रंग देत होते. बडगेही बनवतात असं कळलं होतं. नाव विचारलं तर म्हणाले, "लिहून काय करशीन बाबू? संध्याकाळी जळून जाते ते."

मी त्यांना स्पेनमधल्या वालेन्सियाचं सांगितलं. तिथे मार्चमध्ये फायास नावाचा उत्सव असतो. आपल्यासारखेच टिंगल करणारे पुतळे आणि १९ मार्चच्या रात्री त्यांची होळी. पण १९३४ पासून लोक मतं देऊन दरवर्षी एक पुतळा वाचवतात आणि तो संग्रहालयात ठेवतात. म्हटलं, काका, आपणही दरवर्षी एक बडग्या वाचवू. एक बॅकअप!

काकांनी ब्रश खाली ठेवला. "मंग इडापिडा गेली कशी? तू तं तिले घरातच ठेवून राहिला न!"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. वालेन्सियाचं वालेन्सियाला बरोबर असेल. आपली मारबत जळण्यासाठीच बनते. ती काचेच्या पेटीत ठेवली तर तिचं कामच अर्धवट राहील.

पण निघताना मी विचारलं, "काका, तुम्हाला हे कोणी शिकवलं?" तेव्हा ते सुरू झाले. वडिलांनी. आणि वडिलांना मामांनी. कोणत्या वर्षी कुठल्या मंडळाचा कोणता बडग्या, पाऊस आला तेव्हा कागद कसा वाचवला, सगळं पाठ. अर्धा तास मी फक्त लिहीत होतो. मुलगा हे काम करत नाही, तो हिंगण्याला कंपनीत जातो, हेही त्यांनीच सांगितलं. म्हणजे काकांनंतर हे सांगणारं त्या घरात कोणी नाही.

तेव्हा मला माझी चूक कळली. मी पुतळा वाचवायला निघालो होतो. पुतळा जाऊ द्या. या गावाला कोणत्या वर्षी कशाचा राग आला होता आणि तो राग कोणाच्या हातांनी उभा केला, एवढं तरी राहायला पाहिजे. त्याला संग्रहालय लागत नाही. एक वही पुरते.

तर मंडळी, एक काम करा. घरातला जुना अल्बम काढा. आजोबांच्या मागे, काकाच्या मागे एखादा बडग्या उभा असेलच. आई-बाबांना विचारा, कोणतं वर्ष, कोणाचा बडग्या, कोणी बनवला. फोटोच्या पाठीमागे पेन्सिलनं लिहून ठेवा. आणि यंदा मिरवणुकीत फोटो काढाल तेव्हा बडग्याच्या बाजूला चालणाऱ्या माणसाला नावही विचारा.

काकांचं नाव माझ्या शेवटच्या रकान्यात आहे. इथे सांगत नाही, कारण त्यांनी वहीसाठी दिलंय, माईकसाठी नाही.

भेटू पुढच्या बुधवारी. काळजी घ्या.