‘मालकाला पाठवा’

(पुरंदर तालुक्यातील एका महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



इथं येताना एसटीत एक ओळखीचे गृहस्थ भेटले. कुठं निघालात म्हणाले. मी म्हटलं, बायकांच्या मेळाव्यात विमानतळावर बोलायला. ते हसले. म्हणाले, ‘‘विमानतळाचं बायकांना काय? हुंड्यावर बोला, दारूबंदीवर बोला.’’ मी त्यांना म्हटलं, दादा, ज्या रानात विमान उतरणार आहे त्या रानात पहाटेपासून कोण वाकलेलं असतं ते एकदा बघून या. मग सांगा बायकांचं काय ते.

आज मी तुम्हाला विमानतळ हवा की नको ते सांगायला आलेली नाही. पुण्याचा लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा आहे, तिथं नागरी विमानांना जागा आणि वेळ कमी पडते, ही गोष्ट खरी आहे. २०२४ मध्ये तिथं नवी इमारत झाली तरी धावपट्टी तीच राहिली. तेव्हा पुण्याला दुसऱ्या विमानतळाची गरज वाटते हे मी समजू शकते. मला बोलायचंय ते ‘लोकांना विचारलं’ या दोन शब्दांवर. कुठलाही प्रकल्प आला की हे दोन शब्द आपल्या कानावर पडतात. त्यातल्या ‘लोकां’मध्ये आपण किती आणि कुठं बसतो, एवढंच आज तपासू.

मागे मी इथल्याच एका बाईंबरोबर एका कार्यालयात गेले होते. त्यांना हरकतीचा अर्ज द्यायचा होता. टेबलावरच्या माणसाने सातबारा उलटसुलट पाहिला आणि विचारलं, ‘‘यात तुमचं नाव कुठंय? मालकाला पाठवा.’’ बाई म्हणाल्या, ‘‘मालक दोन वर्षं झाली अंथरुणाला खिळून हायेत. अंजिराची बाग मीच बघते. छाटणी, फवारणी, तोडणी समदं मीच.’’ तो म्हणाला, ‘‘ते ठीक आहे हो, पण मालक लागतो.’’

आपल्या भाषेत नवऱ्यालाही मालक म्हणतात आणि जमिनीच्या धन्यालाही मालक म्हणतात. एरवी हे आपल्या लक्षातही येत नाही. त्या टेबलासमोर मात्र ते लख्ख दिसलं. कष्ट बाईचे आणि हरकत घेण्याचा हक्क मालकाचा. अर्ज शेवटी घेतला, कारण आम्ही उठलो नाही. ‘घेत नाही असं लिहून द्या’ म्हटल्यावर त्याने अर्ज घेतला आणि पोच दिली. ही ‘लिहून द्या’ची युक्ती लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता थोडा इतिहास. आधी खेड-राजगुरुनगर भागातली जागा चर्चेत होती, ती मागे पडली. २०१६ साली पुरंदरचं नाव जाहीर झालं. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही सात गावं. यातली खानवडी जोतीराव फुल्यांच्या घराण्याचं गाव. शेतकऱ्याच्या आणि बाईच्या दुःखाचं मूळ एकत्र शोधणारा माणूस ज्या मातीतला, तिथंच आज हा प्रश्न उभा आहे. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. मधल्या काळात पर्यायी जागा पुढे आली आणि तीही मागे पडली. २०२५ मध्ये पुन्हा हालचाल सुरू झाली आणि जमीन ‘महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम, १९६१’ या कायद्याखाली घेण्याचं ठरलं. त्या वर्षी मे महिन्यात ड्रोनची मोजणी आली, कुंभारवळणला लाठ्या चालल्या, गुन्हे दाखल झाले. त्या दिवशी रस्त्यावर बाया पुढे होत्या. त्यानंतर क्षेत्र कमी करून सुमारे ३ हजार एकरांवर आणलं गेलं. आधी ते त्याच्या दुपटीहून जास्त होतं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये संमतीपत्रं गोळा झाली.

यातून मला दोन गोष्टी दिसतात. ‘आराखडा ठरलाय, आता काही बदलत नाही’ असं जे आपल्याला सांगितलं जातं ते खरं नसतं. निम्म्याहून जास्त जमीन वगळता आली, म्हणजे आधीचा आकडा काही आकाशातून पडलेला नव्हता. दुसरी गोष्ट अशी की लाठी खायला बाया पुढे चालतात, पण संमतीपत्रावर सही करायची वेळ आली की त्या घरात चहा टाकायला जातात. हे असं का होतं?

आपण कायद्याची दारं एकेक करून पाहू.

पहिलं दार जमीन घेण्याचं. २०१३ साली देशाचा नवा भूसंपादन कायदा आला. त्याआधी १८९४ चा इंग्रजांचा कायदा चालत होता. नव्या कायद्यात आपल्या कामाच्या गोष्टी आहेत. जमीन घेण्याआधी गावावर काय परिणाम होईल याची पाहणी करायची, तिची सुनावणी गावात घ्यायची. ‘बाधित कुटुंब’ म्हणजे नुसता जमीनमालक नाही, तर तीन वर्षं त्या जमिनीवर पोट असलेला शेतमजूर, कूळ, वाटेकरी, कारागीर हेही त्यात येतात. आणि विधवा, घटस्फोटित, टाकलेल्या बायका यांना प्रत्येकीला स्वतंत्र कुटुंब धरायचं. परित्यक्तांच्या प्रश्नावर इतकी वर्षं आपण मोर्चे काढले, त्यातलं काही या ओळीत उतरलंय असं मी मानते.

पण १९६१ च्या कायद्याने जमीन घेतली की ती सामाजिक पाहणी येत नाही. त्यात मालकाला नोटीस जाते आणि हरकत विचारली जाते. म्हणजे जी बाई दुसऱ्याच्या बागेत रोजाने अंजीर तोडते, तिच्याकडे कुणी येतच नाही. तरी त्या कायद्यातही एक फट आहे. मालकाबरोबर ज्यांचा त्या जमिनीत हितसंबंध असू शकेल अशा इतर माणसांचाही त्यात उल्लेख आहे. शेतात राबणारी बायको, वडिलांच्या जमिनीत हक्क असलेली लेक, यांनी ‘माझा हितसंबंध आहे’ असं स्वतः लिहून द्यायचं. कुणी विचारायला येईल म्हणून वाट बघायची नाही.

दुसरं दार पर्यावरणाच्या जनसुनावणीचं. २००६ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार विमानतळाला पर्यावरण मंजुरी लागते आणि त्यासाठी जनसुनावणी घ्यावी लागते. ती प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्षस्थानी असतो. निदान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात नोटीस लागते. अहवालाचा सारांश मराठीत मिळाला पाहिजे. सुनावणीचं चित्रीकरण होतं. शेवटी अधिकाऱ्याने इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं. आणि महत्त्वाचं म्हणजे इथं सातबारा लागत नाही. इथं मालक लागत नाही! हजर असलेल्या कुणालाही बोलता येतं, न जमल्यास लेखी पाठवता येतं.

मात्र एक मेख आहे. या सुनावणीला गणसंख्येची अट नाही. दहा माणसं आली तरी ती झाली असं धरतात. म्हणजे आपण गेलो नाही तर ‘लोकांना विचारलं’ हे खरंच ठरतं. आणि सकाळी अकराची वेळ, तालुक्याच्या मंगल कार्यालयातला हॉल. वाटाणा तोडणीच्या दिवसांत कुठली बाई रोज बुडवून जाईल? म्हणून मागणी अशी करायची की सुनावणी गावात घ्या, कामाचे दिवस पाहून वेळ ठरवा, बायकांना आधी बोलू द्या.

तिसरं दार आपल्या घराजवळचं, ग्रामसभा. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी असं आपला कायदा सांगतो. किती गावांत ती खरोखर होते? हात वर करा बरं. पाहा, चार हात. बाकीच्या गावांत वहीवर सह्या फिरतात आणि सभा झाली असं लिहिलं जातं.

आता विचारलंच तर आपण काय सांगणार? मोबदल्याच्या हिशेबात जमीन येते, घर, विहीर, झाडं येतात. पण बाई जगते ती आणखी कितीतरी गोष्टींवर. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या सगळ्यांना अभिमान वाटला. ते अंजीर पहाटे अंधारात तोडताना चिकाने हात कुणाचे सोलतात? सीताफळाची प्रतवारी कोण करतं, पाटीत पाला घालून फळ कोण रचतं? बांधावरचं गवत, दोन शेळ्या, दुधाचे आठवड्याचे पैसे, शेजारणीबरोबरचा सावड, बचत गटाचा हप्ता. यातली एकही गोष्ट सातबाऱ्यावर नाही, म्हणून ती गेली तरी कागदावर काहीच गेलेलं नसतं.

नवी मुंबईकडे पाहा. तिथल्या विमानतळाचं २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झालं. त्यासाठी दहा गावं उठली, टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. तिथल्या लोकांना विकसित भूखंड मिळाले तेही लढून मिळाले. त्या भागात १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या लढ्यात पाच माणसं गोळीबारात गेली, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांचं तत्त्व मान्य झालं. तो लढा मी कधीही कमी लेखणार नाही. पण खाडीत उतरून निवट्या-खेकडे धरणाऱ्या बाईला विचारा. खाडी कुणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती. मग तिचं गेलं ते कोणत्या रकान्यात लिहायचं?

गोव्यातल्या मोपाचं उदाहरण वेगळं आहे. तिथं विमानतळाच्या अर्जात झाडांच्या तोडीची आणि जवळच्या संवेदनशील भागाची माहिती नीट दिलेली नव्हती. २०१९ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरी स्थगित केली. पुढच्या जानेवारीत अटी घालून स्थगिती उठली आणि २०२२ च्या डिसेंबरमध्ये विमानतळाचं उद्घाटनही झालं. म्हणजे विमानतळ थांबला नाही. पण कागदावर काय लिहिलंय आणि काय लिहायचं राहिलंय हे वाचणारी माणसं होती, म्हणून सरकारला उत्तर द्यावं लागलं. झाडं कुठली, झरे कुठले, हे आपल्याइतकं कुणाला माहीत असतं? ते सुनावणीच्या इतिवृत्तात नोंदवणं हे आपलं काम.

आता नाजूक विषयाकडे येते. पैसा. पुण्याच्या भोवताली जमिनी विकल्या गेल्या तेव्हा ‘गुंठामंत्री’ हा शब्द तयार झाला. आपण हसतो, पण त्या घरातल्या बायकांना विचारा. गाडी आली, बंगला आला, कुणाकडे दारूही आली, आणि पाच-सात वर्षांत पैसा सरला. बाई मात्र दुसऱ्याच्या सोसायटीत धुणीभांडी करायला लागली. पूर्वी ती स्वतःच्या रानात राबत होती.

आणि लेकी? एरवी वर्षानुवर्षं माहेरी ज्यांची आठवण निघत नाही, त्यांना मोबदल्याची बातमी आली की भाऊ गाडी घेऊन आणायला येतो. साडी-चोळी होते आणि हक्कसोडपत्रावर अंगठा होतो. महाराष्ट्राने १९९४ मध्येच लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरचा हक्क दिला, २००५ मध्ये तो देशभर आला, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्मानेच मिळतो. तरीही आपण सही करतो, कारण माहेर तुटेल ही भीती असते. ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. माझ्यासमोर बसलेल्या कित्येकींनी ती सोसलीय. मी एवढंच म्हणेन की सही करण्याआधी कागद घरी आणा, गटात वाचून घ्या. माया खरी असेल तर चार दिवस थांबेल.

बायकोच्या नावाचंही तेच. नवरा हयात असताना तिचं नाव सातबाऱ्यावर आपोआप लागत नाही. नव्वदच्या आसपास शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ मांडली तेव्हा अनेक गावांत पुरुषांनी आपणहून बायकोच्या नावे जमीन केली. हे होऊ शकतं हे आपल्या राज्याने पाहिलंय. तेव्हा निदान मोबदल्याचं खातं आणि बदली भूखंड नवरा-बायकोच्या जोड नावाने हवा, ही मागणी काही जगावेगळी नाही.

तर कामं वाटून घेऊ. प्रत्येक गावातल्या गटाने दोन यादी करायच्या. एकीत ज्यांची नावं सातबाऱ्यावर नाहीत पण ज्या राबतात त्या. दुसरीत भूमिहीन मजूर, एकट्या, विधवा, टाकलेल्या बायका. ही यादी महिला सभेत वाचायची, ठरावात घ्यायची, आणि ठरावाची प्रत तहसीलदारांकडे देऊन आवक नंबरची पोच घ्यायची. जनसुनावणीची नोटीस निघाली की अहवालाचा मराठी सारांश मागायचा आणि मोठ्याने वाचायचा. समजलं नाही तर ‘समजलं नाही’ हीच हरकत लिहायची.

शेवटचं एक. या मांडवात जमीन देऊ म्हणणाऱ्या आहेत आणि काही झालं तरी देणार नाही म्हणणाऱ्याही आहेत. सकाळपासून तुमच्यात थोडी कुजबुज झाली, ती मी ऐकली. ज्या कर्जात बुडाल्यात त्यांना चांगला भाव मिळत असेल तर त्यांना गद्दार म्हणू नका. ज्या नाही म्हणतात त्यांना अडाणी म्हणू नका. आपला निर्णय वेगवेगळा असेल, पण तो आपला असावा, आपल्या तोंडून गेलेला असावा, एवढ्यावर तरी आपण एक होऊ शकतो.

ज्या बाईंचं मी सुरुवातीला सांगितलं, त्या आज इथं मागच्या ओळीत बसल्यात. त्यांच्या अर्जाला अजून उत्तर आलेलं नाही. सोमवारी आम्ही दोघी पुन्हा जाणार आहोत. ज्यांना जमेल त्यांनी सकाळी दहा वाजता स्टँडवर यावं. येताना आपापला सातबारा घेऊन या.