वाळीत टाकलेले मन

(भिसेगाव येथे वर्षावास कार्यक्रमात केलेले भाषण)



"सामाजिक बहिष्कार आणि नैराश्य" हा विषय संयोजकांनी मला दिला तेव्हा मी बिचकलोच. हा विषय डॉक्टरांनी मांडावा असा. मी बँकेत कारकून, शिक्षण बी. ए. पर्यंत. परंतु वीस वर्षे काउंटरमागे बसल्यावर माणसांचे चेहरे थोडेफार वाचता येतात. म्हणून सुरुवात काउंटरवरूनच करतो.

खालापूर तालुक्यातल्या एका खेड्यातले साठीचे एक गृहस्थ आमच्या शाखेत आठवड्यातून दोन-तीनदा पासबुक भरायला येत. खात्यात नवी नोंद काही नसायची. एकदा मी म्हणालो, "काका, व्यवहारच झाला नाही, तर एवढे भाडे खर्चून कशाला येता?" ते म्हणाले, "बघा ना साहेब, असलं काही तर." मागे रांग होती, मी पासबुक परत दिले. पुढे एकदा दुपारी काउंटर रिकामे असताना त्यांनी सांगितले. जमिनीच्या वादात ते कोर्टात गेले म्हणून गावकीने त्यांचे घर वाळीत टाकले होते. किराणा दुसऱ्या गावाहून, दळण दुसऱ्या गावाहून. आई वारली तेव्हा खांदा द्यायला माणसे बाहेरून बोलवावी लागली. पहाटे तीनला डोळा उघडतो तो पुन्हा लागत नाही. जेवण जात नाही. अंगातला सदरा दोन मापे मोठा दिसत होता. आणि मग म्हणाले, "इथं तुम्ही नाव घेऊन हाक मारता. गावात आठ महिन्यांत माझं नाव कुणी घेतलं नाही."

बंधूंनो, त्या माणसाला दोन वेळचे अन्न मिळत होते, अंगावर कपडा होता, खात्यात शिल्लकही होती. तरी तो माणूस आतून विझत चालला होता. गरिबी आणि बहिष्कार यांतला फरक मला त्या दिवशी कळला. गरिबाला निदान शेजारी असतो.

आपल्यासाठी ही गोष्ट नवी नाही. बाबासाहेब १९१७ साली परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीसाठी गेले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. शेवटी एका पारशी सराईत पारशी नाव लावून ते राहिले. हा प्रसंग आपण दर जयंतीला ऐकतो. परंतु आपण ऐकतो तो अपमान, आणि टाळ्या वाजवतो त्या पुढच्या पराक्रमाला. मधले अकरा दिवस आपण ऐकत नाही. बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवले आहेत. मोठा ओसाड दिवाणखाना, अडगळीने भरलेला. वीज नाही. रखवालदाराने आणून दिलेला एक लहान कंदील, त्याचा उजेड हातभर अंतरावरही जात नव्हता. वटवाघळे फडफडत. बोलायला दुसरे माणूस नाही. ते विसरण्यासाठी वाचत बसत. सामान सांभाळायला आलेला बहिणीचा मुलगा मामाची ती अवस्था पाहून इतका मोठ्याने रडू लागला, की त्याला परत पाठवावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी आले आणि त्यांनी जागा सोडायला लावली. ते सार्वजनिक बागेत जाऊन बसले. अठरा वर्षांनंतर हे लिहितानाही त्या आठवणीने डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी नमूद केले आहे.

कोलंबिया विद्यापीठात शिकलेला, इतक्या कणखर मनाचा माणूस. अठरा वर्षांनंतरही डोळ्यांत पाणी! मग आपल्या आळीतली एखादी मुलगी, एखादा विद्यार्थी वगळल्या जाण्याने खचला, तर "एवढ्याशा गोष्टीने काय होते" असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

बाबासाहेबांनी या दुखण्याचा पाठपुरावा कायद्यापर्यंत नेला. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य होते. तिच्या १९३० च्या अहवालात, अस्पृश्यांनी हक्क मागितले की त्यांच्यावर बहिष्काराचे हत्यार कसे उपसले जाते, याची नोंद आहे. त्यानंतर गोलमेज परिषदेत त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी मागणी केली, की सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा. नमुन्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातला १९२२ चा बहिष्कारविरोधी कायदा पुढे ठेवला होता. मुंबई राज्याने १९४९ साली समाजातून बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला, तो सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली रद्द ठरवला. पुढे २०१३ ते २०१५ या काळात आपल्याच रायगड जिल्ह्यातून वाळीत टाकल्याच्या तक्रारी एकामागोमाग एक पोलिसांत गेल्या, वर्तमानपत्रांत आल्या. आणि १३ एप्रिल २०१६ रोजी, जयंतीच्या आदल्या दिवशी, महाराष्ट्र विधिमंडळाने सामाजिक बहिष्कारविरोधी विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७ पासून तो कायदा लागू आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. फिर्याद पोलिसांत देता येते, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही देता येते. आपल्या लोकांना अॅट्रॉसिटीचा कायदा माहीत आहे, हा फारसा माहीत नाही. हा सर्व जातीधर्मांना लागू आहे. म्हणजे आपल्यालाही लागू आहे. हे वाक्य मी मुद्दाम बोललो, त्याचे कारण पुढे येईल.

आता बहिष्काराने मनाचे होते काय? अमेरिकेत २००३ साली नाओमी आयझेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रयोग केला. माणसाला संगणकावर चेंडूफेकीचा खेळ खेळायला दिला आणि मध्येच बाकीच्यांनी त्याच्याकडे चेंडू टाकणे बंद केले. त्या वेळी त्याच्या मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा शरीराला इजा झाल्यावर होणाऱ्या यातनेशी ज्या भागाचा संबंध आहे, तो जागा झालेला दिसला. केवळ खेळातला चेंडू! आपल्या आयाबाया "जिव्हारी लागले" म्हणतात ते उगीच नाही. लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या स्त्रियांचा जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी केलेला अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. आघात झाल्यावर ज्या स्त्रीला मन मोकळे करायला जवळचे माणूस होते, ती नैराश्यात जाण्याचा संभव बराच कमी, असे त्यात आढळले. बहिष्कार नेमके हेच माणूस काढून घेतो. आघातही तोच करतो आणि औषधही तोच पळवतो.

प्रत्येक नैराश्य बहिष्कारातून येते असे मी म्हणत नाही. आनुवंशिकता असते, इतर आजार असतात, बाळंतपणानंतरही ते येते. बहिष्कृत झालेला प्रत्येक जण आजारी पडतो असेही नाही. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ माणूस उदास राहतो, कशात रस उरत नाही, झोप-भूक बिघडते, आपण निरुपयोगी आहोत असे म्हणू लागतो, तेव्हा तो आजार आहे. आळस नव्हे, बाहेरचे नव्हे, सोंग तर नव्हेच. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार २० पैकी एका माणसाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य गाठते. या हॉलमध्ये किती खुर्च्या आहेत, मोजून पाहा. आणि आपल्याकडे या आजाराचे नाव काढले की "ठाण्याला न्या याला" अशी थट्टा होते. म्हणजे आजारी पडल्यावर दुसरा बहिष्कार.

हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुला आणि त्याच्या चार सहकाऱ्यांना वसतिगृहातून काढले होते, सार्वजनिक जागांत वावरायला मनाई केली होती. त्या मुलांनी उघड्यावर तंबू टाकला आणि त्याला वेलिवाडा नाव दिले. तेलुगूत त्याचा अर्थ गावाबाहेरची दलित वस्ती. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित गेला. अशा मरणाला एकच कारण असते असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. पण त्या तंबूचे नाव विसरता येत नाही.

आता मघाशी राहिलेले बोलतो. भिसेगावला येण्यापूर्वी मी एका वस्तीत राहत होतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तिथल्या एका घरी सासूच्या नवसापायी गणपती बसवला. आमच्या कमिटीची बैठक झाली. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आपण घेतल्या, त्यांचा हा भंग, असे ठरले. तत्त्व म्हणून ते मला तेव्हाही मान्य होते, आजही आहे. पण ठराव काय झाला? त्या घरच्या कार्याला कोणी जायचे नाही, त्यांना बोलवायचे नाही, वर्गणी घ्यायची नाही. माझे अक्षर चांगले, म्हणून ठराव मी लिहिला. एक प्रत त्यांच्या दारावर चिकटवली.

त्या घरची सून तिशीची, हसतमुख बाई. हळूहळू ती नळावर दिसेनाशी झाली. केस विंचरत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते, असे कानावर आले. आम्ही म्हणालो, सोंग करते आहे, ठराव मागे घ्यावा म्हणून. शेवटी कल्याणहून तिची बहीण आली आणि तिला घेऊन गेली. तिकडे डॉक्टरांचे उपचार झाले. आम्ही कोणी चौकशीला गेलो नाही. कारण जायचे नाही असे ठरले होते ना!

पुढे वाचनात आले ते सांगतो. भगवान बुद्धांनी महापरिनिर्वाणापूर्वी छन्न या उद्दाम भिक्खूला ब्रह्मदंड द्यायला सांगितले. ब्रह्मदंड म्हणजे त्याच्याशी कोणी बोलायचे नाही. आनंदाने हे सांगताच छन्न बेशुद्ध होऊन पडला, असे विनयपिटकात आहे. संघाच्या हातातल्या या शिक्षेने माणूस कोसळतो, हे अडीच हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते. परंतु छन्नाने स्वतःला घडवले, तो अर्हत झाला आणि दंड संपला. परतीची वाट होती. आमच्या ठरावात किती दिवस हा शब्दच नव्हता. दुसरी कथा त्या आजारी भिक्खूची. तो स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. तो इतरांच्या कामाला येत नव्हता म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नव्हते. बुद्धांनी आनंदाच्या मदतीने त्याला स्वतःच्या हाताने धुतले. त्याने काय चूक केली होती, याची चौकशी आधी केली नाही.

काय करता येईल? माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे दोनच गोष्टी. १४४१६ हा टेली मानस या सरकारी सेवेचा क्रमांक, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फोन फुकट, मराठीत बोलता येते, रात्रीही लागतो. तो आपल्या फळ्यावर लिहून ठेवावा. आणि आपल्या संस्थेच्या नियमात एक ओळ घालावी, की मतभेद कोणताही असो, कोणाच्या घरी जाण्या-येण्यावर बंदीचा ठराव केला जाणार नाही. अध्यक्ष महोदय, ही सूचना मी लेखी देत आहे. अक्षर तेच आहे.

पासबुकवाले काका अजून येतात. मी त्यांना डॉक्टरांकडे जायला सांगितले, ते गेले. गोळ्या सुरू आहेत, झोप लागते. गावकीविरुद्ध फिर्याद द्यायची की नाही, हे त्यांचे अजून ठरत नाही. पोरीचे लग्न व्हायचे आहे, म्हणतात.

आणि ती बाई मला गेल्या उन्हाळ्यात कर्जत लोकलमध्ये भेटली. तिने ओळखले, मी नजर चुकवत होतो. ती म्हणाली, "भाऊ, तुमचं अक्षर लई छान. दारावरचा तो कागद रोज वाचायचे मी. पाठ झाला होता." रागाने नाही, सहज म्हणाली. नेरळला उतरली. मला माफी मागायची होती, गाडी सुटली. तिचा पत्ता मी मिळवला आहे. येत्या रविवारी जाणार आहे.